दारातली तालीम

४ जानेवारी

प्रिय मावशी,

प्रभूच्या नावात सलाम. आधी बसून घे, मग वाच. माझी निवड झाली!

आमच्या मंडळीतून बारा जण मे महिन्यात सेवाफेरीवर डोंगरातल्या वस्त्यांत जाणार आहेत. तिथे डोळ्यांचं शिबिर आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं डॉक्टर करतील. आमचं काम म्हणजे दारोदार जाऊन म्हाताऱ्या माणसांना शिबिरापर्यंत आणायचं, त्यांच्याजवळ बसायचं, नंतर डोळ्यांत थेंब घालायचे आणि घरी पोचवायचं. एवढंच. पण या एवढ्याशासाठी दर शनिवारी चर्चमागच्या हॉलमध्ये प्रशिक्षण आहे. शिकवायला सिस्टर आहेत, म्हणजे आमच्या मंडळीतल्या निवृत्त नर्सबाई. त्यांच्यासमोर पाळकसाहेबसुद्धा खिशातले हात बाहेर काढून उभे राहतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, कोण काय घेऊन आलंय? बेकरीवाला म्हणाला, दोन मजबूत हात. ड्रायव्हरदादा ट्रक चालवतात, ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, मी फरश्यांच्या दुकानात काउंटरवर असते आणि माझ्यासमोरून आजवर एकही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलेलं नाही. सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

तू म्हणालीस फोन नको, पत्र लिही, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. म्हणून हे लिहितेय, तू मला नवीन खोलीसाठी विणून पाठवलेल्या खुर्चीवर बसून. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तेव्हा परवानगी मागायची तर तुझ्याकडेच. जाऊ ना?

तुझी,
बडबडी

१५ जानेवारी

प्रिय बडबडे,

निवड झाली हे वाचून आनंद झाला आणि त्या डोंगरातल्या लोकांची दयाही आली. जा. माझी परवानगी आहे. नाही म्हटलं असतं तरी गेली असतीसच.

एक सांगते. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग झालंय. एवढं गिचमिड लिहायला कागद काय सोन्याचा आहे? पुढचं पत्र मोठ्या अक्षरात आणि काळ्या शाईत लिही. मला कामं आहेत. दंतवैद्याच्या बसायच्या खोलीतल्या खुर्च्या आल्यात, सकाळीच वेत भिजत घातलाय. वेत फार भिजला की लिबलिबीत होतो, कमी भिजला की तुटतो. तुझ्या अक्षरात डोकं घालून बसले तर तो माझ्यासाठी थांबणार आहे का?

समोरच्या छत्रीच्या दुकानातली ती छत्रीवाली हल्ली एक दिवसाआड डबा घेऊन दारात येते. जास्तीचं झालं होतं म्हणते. दर वेळी कसं जास्तीचं होतं? मी दारातूनच परत पाठवते.

आता त्या म्हाताऱ्यांविषयी. ते काय म्हणतील ते आत्ताच ऐकून ठेव. म्हणतील, वय झालं, आता काय बघायचं राहिलंय? म्हणतील, मला दिसायचं ते दिसतं, जे दिसत नाही ते बघण्यासारखं नसेल. म्हणतील, एवढं हातातलं काम संपू दे, मग बघू. यातलं एकही खरं कारण नसतं. खरं कारण माणूस सहजासहजी सांगत नाही, आणि तुझ्यासारखीनं विचारलं तर सांगायला फट तरी कुठे मिळणार?

हे तुला कसं माहीत, असं विचारू नकोस. म्हातारी आहे म्हणून माहीत आहे.

मावशी

२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आता दिसतंय का अक्षर? दुकानाच्या पाट्या याहून लहान असतात.

मागच्या शनिवारी आम्ही साक्ष दिली. देवानं माझ्या आयुष्यात काय केलं ते प्रत्येकानं थोडक्यात सांगायचं. मी आई गेल्यापासून सुरुवात केली, मध्ये तुला आणलं, तुझी वेताची बादली आणली, शेवट अगदी रंगवला. दोघी-तिघींनी रुमाल काढले. सिस्टर म्हणाल्या, "छान. आता यातली चकाकी काढ आणि जे उरेल ते पुढच्या वेळी सांग. तू साक्ष दिली नाहीस, फरशी विकलीस." माझा असा पाणउतारा कुणी केला नव्हता. मी घरी येऊन जेवलेसुद्धा नाही.

त्यांचे नियमही ऐक. कुणाकडे प्रार्थना करायची तर आधी विचारायचं, आणि नको म्हटलं तरी थेंब तितक्याच प्रेमानं घालायचे. औषधाच्या बदल्यात कुणाच्या तोंडून आमेन काढून घ्यायचं नाही. आणि ज्याला दिसत नाही त्याचा दंड पकडून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं आणि थांबायचं. त्यानं आपल्याला धरायचं, आपण त्याला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून आम्ही हे हॉलभर केलं. बेकरीवाल्यानं मला सरळ बाकावर नेऊन आदळलं.

पण खरी मजा दारातल्या तालमीत आली. हॉलच्या मागे सामानाची खोली आहे. तिचं दार म्हणजे म्हातारीच्या घराचं दार. म्हातारी मी. एकेकानं यायचं आणि मला ऑपरेशनसाठी तयार करायचं. मी तुझीच वाक्यं घेतली, तुझ्याच ठसक्यात. मला दिसायचं ते दिसतं! जे दिसत नाही ते बघण्यासारखं नसेल! एवढं काम संपू दे! मावशी, एकालाही आत येता आलं नाही. पाळकसाहेब स्वतः आले आणि परत गेले.

शेवटी ड्रायव्हरदादा आले. पायरीवर बसले आणि म्हणाले, "पाय दुखतात, जरा बसू का?" आता बसलेल्या माणसाला हाकलायचं कसं? मी बोलत राहिले आणि ते ऐकत राहिले. नंतर सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "ही बाई कोण आहे? तिचे डोळे कुणी तपासलेत का?" मी हसून म्हटलं, ती माझी मावशी, तिला अंधारातसुद्धा माझी खोटी कारणं दिसतात.

सोबत आमच्या गटाचा फोटो पाठवतेय. सगळे हॉलच्या पायऱ्यांवर उभे आहेत.

तुझी,
बडबडी

१४ फेब्रुवारी

प्रिय बडबडे,

अक्षर झकास. असंच लिहीत जा.

माझी नक्कल करून टाळ्या घेतल्यास, बरं. आणखी कुणी ओळखलं नाही ना? त्या ड्रायव्हरला म्हणावं, दुसऱ्याच्या मावशीची काळजी सोड आणि रस्त्याकडे बघ.

फोटो पाहिला. मधोमध उभी राहून किती छान हसते आहेस! केस असेच ठेव, चेहऱ्याला शोभतात. फोटो भिंतीवर लावलाय, कामावरून मान वर केली की दिसतो.

सिस्टरबाईंना माझ्या वतीनं तीन-चार गोष्टी विचार. त्या डोंगरातल्या लोकांसाठीच हं, कारण ते तुम्हाला विचारतीलच. ऑपरेशनच्या वेळी माणूस जागा असतो का? थेंब फार झोंबतात का? नंतर किती दिवस मान खाली घालून काम करता येत नाही? आणि एकटं राहणाऱ्या माणसाला कुणाची मदत न घेता हे जमतं का? उत्तरं तुला पाठ पाहिजेत, नाहीतर तोंडघशी पडशील.

दंतवैद्याच्या खुर्च्या गेल्या. तो म्हणाला, मस्त झाल्यात. छत्रीवालीशी मी सध्या बोलत नाही.

मावशी

२० फेब्रुवारी

मावशी,

त्या फोटोत मी नाही. फोटो मी काढला आहे. मधोमध उभा आहे तो बेकरीवाला. त्याला दाढी आहे.

आधी मी हसले. मग तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. मोठं अक्षर, काळी शाई, फोन नको. आणि ते प्रश्न. डोंगरातल्या लोकांसाठी! मी तुझी वाक्यं घेऊन हॉलभर टाळ्या मिळवल्या आणि ज्यांना तू कोण हे माहीतसुद्धा नव्हतं त्या ड्रायव्हरदादांना जे ऐकू आलं ते मला आलं नाही.

सिस्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, फार दिवस तसंच ठेवलं तर मोतीबिंदू घट्ट होतो, मग ऑपरेशन अवघड होतं, आणि कधी कधी उशीर इतका होतो की नजर परत येत नाही. तुझं किती झालंय हे तपासल्याशिवाय कळणार नाही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलशी बोलून मी तारीख घेतली आहे. येत्या रविवारी मी तुझ्याकडे पोचते, सोमवारी आपण जायचं. सेवाफेरीतून माझं नाव काढायला सांगितलं आहे. घरचे डोळे सोडून मी डोंगरात कुणाचे डोळे बघू?

बडबडी

२४ फेब्रुवारी

तारीख रद्द कर.

तू मला विचारलंस का? डोळे माझे, गाव माझं, आणि तारीख तू घेतलीस. सरावाला तुला म्हातारी पाहिजे होती, ती घरातच मिळाली, झालं. आणि सेवाफेरी सोडल्याचं माझ्या डोक्यावर कशाला ठेवतेस? मी सांगितलं होतं का सोड म्हणून?

फोटो लहान होता आणि ऊन उलट्या बाजूनं होतं. मला दिसायचं ते दिसतं.

येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही.

मावशी

९ मार्च

प्रिय मावशी,

तू शब्दाची पक्की. दार उघडलं नाहीस.

मी बाहेर उभी राहून काय काय बोलले ते तुला ऐकू आलं असेल, साऱ्या गल्लीला आलं. ऑपरेशन किती सोपं असतं ते सांगितलं. काही होत नाही, असं कितीदा म्हटलं कोण जाणे. मग रागावले. मग रडले. मग आईचं नाव काढलं, आणि ते काढायला नको होतं. मध्ये एकदा तुझी सावली दाराच्या फटीखाली आली, तेव्हा वाटलं जिंकले, आणि मी आणखी जोरात बोलायला लागले. सावली गेली. छत्रीवालीनं मला बसायला स्टूल आणून दिलं. ती तुझ्याविषयी एक शब्दही बोलली नाही.

परत येऊन शनिवारी सिस्टरना सांगितलं. मला वाटलं होतं जवळ घेतील. त्यांनी विचारलं, "तू दारात होतीस की काउंटरवर?"

उत्तर मला दारातच कळलं होतं. मावशी, दुकानात मला गिऱ्हाइकाची भीती कळते. फरशी निसरडी तर नाही, डाग तर पडणार नाहीत, हे त्यानं म्हणायच्या आत मी त्याचं तोंड बंद करते. तुझंही मी तेच केलं. तुला कशाची भीती वाटते हे मी विचारलंच नाही. विचारायची मला भीती वाटत होती, कारण तुला काही झालं तर मला दुसरं कुणी नाही.

तारीख रद्द केली आहे. सेवाफेरीतलं नाव सिस्टरनी अजून काढलेलं नाही, त्या म्हणतात कुणी रागात काढायला सांगितलेलं नाव त्या काढत नाहीत. मी आता पायरीवर बसले आहे असं समज. पाय दुखतात.

कशाची भीती वाटते? तू जे लिहिशील ते मी वाचेन आणि त्यावर काही बोलणार नाही.

तुझी

१९ मार्च

प्रिय बडबडे,

तुझं पत्र दोन दिवस वाचत होते. भिंग घेऊन एकेक शब्द वाचते. ओळी सरळ याव्यात म्हणून लिहिताना कागदावर वेताची पट्टी आडवी ठेवते. फोनवर माझा आवाज तू लगेच ओळखली असतीस, कागदावर निभावून जाईल असं वाटलं. आता तुला सगळं कळलंच आहे तर नीट कळू दे.

उपासनेला मी जाते. गीतं मला पाठ आहेत, तरी पुस्तक हातात धरते, म्हणजे कुणी विचारायला नको. गेल्या महिन्यात ते माझ्या हातात उलटं होतं. शेजारी छत्रीवाली बसली होती. तिनं गाता गाता, माझ्याकडे न बघता ते सरळ करून दिलं. मला इतकी शरम वाटली की त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नाही. तिचा काय दोष? पण नाही बोलत.

आता भीतीचं. मरणाची नाही. ऑपरेशनचीही फारशी नाही, सुईची थोडी आहे.

माझं काम बोटांवर चालतं. खुर्चीच्या चौकटीतली भोकं बोटांना कळतात, आडव्या-उभ्या पट्ट्या कळतात. तिरपी पट्टी मात्र एकीच्या वरून, दुसरीच्या खालून घ्यावी लागते, आणि ती नीट गेली की नाही हे शेवटी डोळ्यांनीच बघावं लागतं. चुकीच्या बाजूनं गेलेली तिरपी पट्टी घासत राहते आणि बैठक लवकर फाटते. किती तरी दिवस मी ते बघितलेलं नाही. खुर्च्या देते आणि लोक म्हणतात मस्त. दंतवैद्य म्हणतो मस्त. तू म्हणालीस एक नंबर.

ते खरं म्हणतात की माझी दया येऊन म्हणतात? हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसलेलंच मला बरं वाटतंय. डोळे आले तर पहिल्यांदा मी काय बघणार? स्वतःच्या हातची खुर्ची. आणि तिच्यात चुका असल्या तर मला कळेल की गाव इतके दिवस मला सांभाळून घेत होतं, आणि मी मात्र मोठ्या तोऱ्यात दारातून डबे परत पाठवत होते. या वयात ते मला झेपणार नाही. ही आहे माझी भीती. हसायचं तर हस.

यावर बोलणार नाहीस म्हणालीस, पण एक उत्तर मला पाहिजे. तुझ्याकडे माझी खुर्ची आहे. ती कशी आहे? खरं सांग.

मावशी

२४ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र लिहायला बसले आणि उठले, असं किती वेळा झालं. मनात आलं, लिहावं की खुर्ची उत्तम आहे. मग वाटलं, तसं लिहिलं तर तू ऑपरेशन करशील, कारण भीती जाईल. डोळ्यावरची पट्टी सोडल्यावर तू ती खुर्ची बघशील, आणि त्यानंतर माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाहीस.

खुर्चीत चूक आहे. पुढच्या कडेजवळ डाव्या हाताला एक तिरपी पट्टी वरून जायला हवी ती खालून गेली आहे. मागच्या बाजूला आणखी एक. पुढची घासून एक धागा सुटलाय, माझ्या कपड्यांना अडकतो. खुर्ची आली त्याच दिवशी मला दिसलं होतं. वाटलं, घाईत झालं असेल, मावशीला कशाला बोलायचं. म्हणून म्हटलं, एक नंबर.

लोकांचं मला माहीत नाही. मी दया म्हणून गप्प बसले नव्हते, पण खरंही बोलले नव्हते. बैठक मजबूत आहे. मी रोज तिच्यावर बसते. पण चूक आहे.

तुझी

३० मार्च

प्रिय बडबडे,

पत्र वाचून दिवसभर हातात काम धरलं नाही. संध्याकाळी बादलीतला वेत काढून वाळत टाकला.

डाव्या हाताला, पुढच्या कडेजवळ. तिथे माझ्या बोटांना शंका आली होती. मी बोटांचं ऐकलं नाही.

तारीख घे. या वेळी मी सांगते म्हणून घे. ईस्टरनंतरची चालेल. माझ्या अटी: हॉस्पिटलमध्ये तू बोलायचं नाहीस, मी बोलेन. प्रार्थना करायची तर मनात. काही होत नाही, असं मला कुणी म्हणायचं नाही. चार-पाच दिवस राहायचं आणि मग तुझ्या सेवाफेरीवर निघायचं. थेंब घालायला मी छत्रीवालीला विचारलंय. मी तिच्या दारात गेले होते. ती हो म्हणाली, मग रडली. मला मेलीला काही सुचेना, म्हणून मी तिचा डबा मागून घेतला.

आणि येताना ती खुर्ची घेऊन ये.

मावशी

११ मे

प्रिय मावशी,

डोंगरातून सलाम. इथे आम्ही शाळेच्या वर्गांत राहतो आणि सकाळी दोघा-दोघांनी वस्त्यांवर जातो. मी ड्रायव्हरदादांच्या जोडीला आहे. चालताना मी बोलते आणि ते "हं" म्हणतात.

काल एका घरी आजोबा दारातच म्हणाले, "मला दिसायचं ते दिसतं." तुझंच वाक्य, मावशी! मी पायरीवर बसले. आजोबा दोरखंड वळत होते, ते बघत बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी आपणहून विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, थेंब झोंबतात. टेबलावर पडून राहायला माझ्या मावशीला भीती वाटली होती, आत नेण्याआधी तिनं माझी बोटं इतकी दाबली की दुसऱ्या दिवशी मला पेन धरता येईना. आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की उशीर झालाय, किती दिसेल ते नक्की सांगता येणार नाही. आजोबांनी विचारलं, "मग किती दिसलं?" मी म्हटलं, पट्टी काढल्यावर तिनं आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, केस वाईट कापलेस.

आजोबा हसले. आज सकाळी शिबिराच्या दारात आले. मी कोपर पुढे केलं आणि थांबले. त्यांनी धरायला वेळ लावला, तोवर मला तू आठवत होतीस. हॉस्पिटलच्या त्या लांब बोळात तू माझं कोपर धरलंस, तेव्हा मी लहानपणी तुझा पदर धरून चालायची ते मला आठवलं होतं. तेव्हा बोलायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही. आता सांगते. फार बरं वाटलं होतं.

रात्रीच्या प्रार्थनेआधी साक्ष द्यायची पाळी माझी होती. मी खुर्चीचं सांगितलं. कुणी रुमाल काढला नाही. सिस्टर म्हणाल्या, "हं."

दिसतंय ना नीट? थेंब वेळेवर घेतेस ना?

तुझी,
बडबडी

२० मे

प्रिय बडबडे,

हे पत्र वेताची पट्टी न ठेवता लिहितेय. ओळी वर चढल्या असतील तर चढू देत.

एका डोळ्यानं चांगलं दिसतं. कडेला थोडं धुरकट आहे, डॉक्टर म्हणतात तेवढं राहील. दुसऱ्याचं पावसाळ्यानंतर. छत्रीवाली वेळेवर थेंब घालते. तिचा हात हलका आहे आणि तोंड तुझ्याहून जड आहे, त्यामुळे आमचं जमतं. रविवारी आम्ही एकाच पुस्तकातून गायलो. तिचा सूर भयंकर आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं, कारण मी स्वतःच्याच आवाजात लपून बसले होते.

दंतवैद्याकडे गेले. बसायच्या खोलीतली एकेक खुर्ची उन्हाकडे धरून पाहिली. तिथली माणसं दात विसरून माझ्याकडे बघत होती. पाहिलं ते पाहिलं. मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं ना? तो आधी पुटपुटला, मग म्हणाला, होतं. पण तुम्ही मला विचारलंत, मस्त झाल्यात ना, आणि नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. मी बाहेर येऊन रडले. जे झेपणार नाही म्हणून इतके दिवस घाबरत होते ते झालं, आणि दुपारी नेहमीसारखी भूक लागली. सगळ्या खुर्च्या परत मागवल्या आहेत. मान खाली घालायची परवानगी मिळाली की एकेक सोडवून विणीन.

त्या आजोबांना माझा सलाम सांग. दोरखंड डोळ्यांनी बघून वळायला लागले की त्यांनाही काही जुन्या गाठी दिसतील. त्या वेळी त्यांच्याजवळ कुणीतरी बसलेलं असू दे. बोलायला नको, नुसतं बसायला.

तुझी खुर्ची मी सर्वांत आधी घेतली. दारात उजेडात ठेवली आणि सावकाश पाहिली. डाव्या हाताची पट्टी, तू सांगितलीस तिथेच. मागची, तू सांगितलीस तिथेच. पण बये, चुका दोन नाहीत, पाच आहेत. उरलेल्या तीन तू मला वाईट वाटू नये म्हणून गाळल्या असशील, तर तू अजून थोडी फरशी विकतेसच. आणि तुला खरोखर दोनच दिसल्या असतील, तर तिथे आहेस तोवर डोळे तपासायच्या रांगेत तूही उभी राहा.

परत आलीस की दार वाजवू नकोस. उघडंच असतं हल्ली.

तुझी,
मावशी